गुण पाल्याचा की शेकाचा?

मागच्या हिवाळ्यात मुळशी तालुक्यातल्या नांदे गावाच्या परिसरात एका शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. पवनचक्की, ठिबक सिंचन, ज्वालामुखी ही नेहमीची मंडळी हजर होतीच. एका कोपऱ्यात नववीच्या तीन मुलींनी मात्र वेगळे काही मांडले होते. मागे तक्ता होता : ‘निर्गुडी – सूज व वेदना यांवर गुणकारी : शास्त्रीय सिद्धता’. पुढे परीक्षानळ्यांचा स्टँड, स्पिरिटचा दिवा, एक अंडे आणि निर्गुडीची ताजी डहाळी.

त्यातल्या एकीने सांगायला सुरुवात केली. “सर, माझ्या आजीचा गुडघा सुजला की ती निगडीचा पाला तव्यावर गरम करून बांधते. तिला बरं वाटतं. म्हणून आम्ही प्रयोग केला.” प्रयोग असा. अंड्याचा पांढरा भाग मिठाच्या पाण्यात पातळ करून दोन नळ्यांत घ्यायचा. एकीत साधे पाणी, दुसरीत निर्गुडीच्या पानांचा काढा. दोन्ही गरम पाण्यात धरायच्या. पहिली नळी दुधासारखी पांढरी होते, दुसरी त्यामानाने कमी. सुजेमध्ये प्रथिने बिघडतात, काढ्याने प्रथिने बिघडण्याचे थांबले, म्हणून निर्गुडी सूज उतरवते, असा निष्कर्ष.

मी विचारले, “तिसऱ्या नळीत साखरेचे पाणी घालून पाहिले का?” मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. भरपूर साखर घातली की अंड्याचा पांढरा भाग थोड्या जास्त तापमानाला गोठतो. केक करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. आम्लता बदलली किंवा क्षार कमीजास्त झाले तरी गोठण्यात फरक पडतो. साखरेच्या नळीतही गढूळपणा कमी दिसला, तर साखर सूज उतरवते असे म्हणायचे का? शिवाय काढा हिरवट-तपकिरी. रंगीत पाण्यातला गढूळपणा आणि बिनरंगी पाण्यातला गढूळपणा डोळ्यांनी कसा ताडून पाहणार?

हा दोष मुलींचा नाही, त्यांच्या बाईंचाही नाही. हा प्रयोग त्यांनी शोधलेला नाही. १९६० च्या दशकात जपानी संशोधकांनी औषधांची प्राथमिक चाळणी म्हणून प्रथिनांच्या विकृतीकरणाची कसोटी वापरली. आज ती आपल्या महाविद्यालयांतल्या शेकडो प्रकल्पांत दिसते, कारण ती स्वस्त आहे, तिला प्राणी लागत नाहीत आणि एका दुपारी आटोपते. नळीतल्या अंड्याचा आजीच्या गुडघ्याशी संबंध काय, हा प्रश्न त्या प्रकल्पांत सहसा येत नाही. वरून जे पाझरते तेच शाळेत पोचते. म्हणून ही टीका वरच्यांवर आहे.

नळीच्या वरची पायरी म्हणजे उंदीर-घुशींवरचे प्रयोग. त्यांची पद्धत शिक्षकांनी एकदा नीट समजून घ्यावी, कारण ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे वेष्टनावर छापलेले असते तेव्हा पुष्कळदा त्यामागे एवढेच असते. १९६२ साली विंटर, रिसले आणि नस या तिघांनी एक रीत प्रसिद्ध केली. लाल समुद्री शैवालापासून कॅराजीनन नावाचा पदार्थ मिळतो. आइस्क्रीम दाट करायलाही तो वापरतात. त्याचे एक टक्का द्रावण, एका मिलिलिटरचा दहावा भाग, पांढऱ्या घुशीच्या मागच्या पंजात टोचतात. काही तासांत पंजा सुजतो. पंजा द्रवात बुडवून किती द्रव वर सरकतो यावरून आकारमान मोजतात. म्हणजे आर्किमिडीजचेच तत्त्व. काही घुशींना तासभर आधी वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो, काहींना नुसते पाणी, काहींना इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅक. अर्कवाल्यांची सूज किती टक्क्यांनी कमी, हे उत्तर.

चाचणी म्हणून ही वाईट नाही. तुलनेसाठी पाण्याचा गट आहे, माहीत असलेल्या औषधाचा गट आहे. मुलींच्या प्रयोगात नेमके हेच नव्हते. पण ती काय सांगते ते पाहा. निरोगी, तरुण घुशीला, सूज येण्याच्या आधी दिलेला अर्क, काही तासांच्या सुजेवर काय करतो, एवढेच. आजीचा गुडघा दहा वर्षे झिजत आलेला असतो आणि पाला ती दुखू लागल्यावर बांधते. अर्क तोंडाने न देता पोटात टोचला तर आणखी एक घोळ होतो. अर्क स्वतःच दाहक असेल, तर पोटातल्या दाहामुळे पंजाची सूज कमी होते. म्हणजे नुसता त्रासदायक पदार्थही ‘सूजनाशक’ ठरू शकतो.

वेदनेच्या चाचण्या याहून फसव्या. उंदराच्या पोटात विरळ ॲसेटिक आम्ल टोचले की तो अंग पिळवटतो. किती वेळा पिळवटतो ते मोजायचे. किंवा त्याला सुमारे ५५ अंश तापलेल्या पत्र्यावर ठेवायचे आणि तो पंजा चाटायला किती सेकंद लावतो ते पाहायचे. अर्क दिल्यावर उंदीर कमी पिळवटला, उशिरा चाटू लागला, तर अर्क वेदनाशामक. पण गुंगी आलेला उंदीरही उशिराच चाटेल! स्नायू सैल करणारी औषधे, झोप आणणारी औषधे पहिल्या चाचणीत सहज उत्तीर्ण होतात. म्हणून उंदराचा तोल आणि हालचाल यांची वेगळी चाचणी जोडीला हवी. अनेक शोधनिबंधांत ती नसते.

मग मात्रेचा प्रश्न. हे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. शोधनिबंधांत दर किलो वजनाला ४०० मिलिग्रॅम अर्क ही मात्रा नेहमी आढळते. घुशीची मात्रा माणसाला लावताना सरळ वजनाने गुणत नाहीत, कारण लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. सर्वसाधारण प्रघातानुसार दर किलोच्या मात्रेला ६.२ ने भागतात. ४०० चे झाले सुमारे ६५. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३.९ ग्रॅम अर्क. समजा, १०० ग्रॅम वाळलेल्या पानांतून १० ग्रॅम अर्क निघतो. म्हणजे रोज ३९ ग्रॅम वाळकी पाने, ताजी त्याच्या कितीतरी पट. आणि अर्क मद्यार्कात काढलेला असेल, तर घरच्या पाण्यातल्या काढ्यात तीच द्रव्ये उतरतील याचा भरवसा नाही. आजी तर पाला खातही नाही, बांधते.

एका प्राण्याचे अनुमान दुसऱ्याला लावणे किती बेताने करावे, याचे उदाहरण डायक्लोफेनॅकनेच दिले आहे. गुरांना ते चालते. पण त्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, हे २००४ साली उघड झाले आणि २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

शेवटी माणसावरच तपासावे लागते, आणि इथे लांब जायला नको. सांध्यांच्या दुखण्यावर आयुर्वेदिक वनस्पतींच्या चांगल्या चाचण्या नांद्यापासून तासाभराच्या अंतरावर, पुण्यातच झाल्या आहेत. (नांदे गावाच्या हद्दीत लुपिन कंपनीचे मोठे औषध-संशोधन केंद्र आहे. मुलींची शाळा आणि ते केंद्र यांत अंतर थोडे, पण ये-जा नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.)

१९९१ साली कुलकर्णी, पाटकी, जोग, गांडगे आणि पटवर्धन यांनी ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. अश्वगंधा, सालई, हळद आणि जस्ताचे संयुग यांचे मिश्रण, आणि सांध्यांच्या झिजेचे ४२ रुग्ण. निम्म्यांना तीन महिने औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. मग पंधरा दिवस काहीच नाही, आणि पुढचे तीन महिने अदलाबदल. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. वेदना आणि हालचालीतली अडचण औषधाने स्पष्ट कमी झाली. क्ष-किरणांत मात्र सांध्यात काही फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी लिहिले. दुखणे उतरले, झीज तशीच राहिली. जाहिरात लिहिणाऱ्याने यातले दुसरे वाक्य गाळले असते.

या चाचणीपेक्षाही मला मोलाची वाटते ती न जमलेली चाचणी. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २००० साली ती प्रसिद्ध केली. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचे मिश्रण. रोग मात्र झिजेचा नव्हे, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते तो. रुग्ण १८२, मुदत १६ आठवडे. ठरावीक निकषांवर २० टक्के सुधारणा औषधाच्या गटात ३९ टक्के रुग्णांना झाली. प्लासिबोच्या गटात? ३० टक्क्यांना! हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता आणि संशोधकांनी तो तसाच छापला.

या ३० टक्क्यांवर जरा थांबू या. औषध नसलेली गोळी घेऊन दर दहांतले तिघे सुधारले. ही सगळी मनाची समजूत नव्हे. सांधेदुखी चढते आणि उतरते. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेली गोष्ट बहुधा खाली येतेच. त्यात भर आपुलकीने विचारपूस होण्याची, नियमित तपासणीची. प्लासिबोचा गट नसता, तर याच अभ्यासातून ‘३९ टक्के रुग्णांना आराम’ असा मथळा निघाला असता, आणि तो खोटाही नसता. वैद्याकडे, डॉक्टरकडे, आजीकडे येणारा ‘बरं वाटलं’ हा अनुभव खराच असतो. तो कशामुळे, हे त्या अनुभवातून कळत नाही.

याच गटाने २००४ मध्ये याच वनस्पतींचे मिश्रण गुडघ्याच्या झिजेवर तपासले. रुग्ण ९०, मुदत ३२ आठवडे. तिथे औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरले. त्याच वनस्पती, पण एका सांधेदुखीत निकाल पुसट आणि दुसरीत स्पष्ट. बाजारात मात्र ‘सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर’ अशी एकच बाटली मिळते. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णाने त्या बाटलीवर वर्ष काढले, तर त्या वर्षात त्याची बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. ज्या औषधांनी ते टाळता येते ती लवकर सुरू करावी लागतात.

सालईबद्दल नागपूरचेही काम आहे. तिथे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर सालईच्या डिंकाचा अर्क प्लासिबोशी ताडून पाहिला आणि दुखणे कमी झाले. इथेही क्ष-किरणांत बदल नाही. २००७ च्या दुसऱ्या चाचणीत ६६ रुग्णांवर तोच अर्क व्हॅल्डेकॉक्सिब या गोळीशी ताडला. गोळीचा गुण लवकर आला आणि थांबवताच ओसरला, सालईचा उशिरा आला पण थांबवल्यावरही महिनाभर टिकला. निकाल मोठा आकर्षक आहे. पण चाचणी उघडी होती, म्हणजे कोणाला काय मिळते हे सर्वांना माहीत होते. दुखणे किती हे रुग्णाने स्वतः सांगायचे असते तेव्हा हा दोष किरकोळ नाही. (व्हॅल्डेकॉक्सिब हे औषध २००५ मध्येच जागतिक बाजारातून मागे घेतले गेले होते. आधुनिक गोळी म्हणजे निर्धोक गोळी असाही कोणी समज करून घेऊ नये.)

सर्वांत मोठी चाचणी केंद्र सरकारच्या ‘न्यू मिलेनियम’ योजनेतली. चोप्रा, भूषण पटवर्धन आणि अनेक शहरांतले सहकारी यांनी ती २०१३ साली ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, चार गट : गुळवेल, सुंठ व आवळा यांचे मिश्रण, त्यातच सालई घालून केलेले दुसरे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. चारही गटांत सारखाच आराम पडला. म्हणून आयुर्वेदिक औषध हा चांगला पर्याय आहे, असे निबंधाचे शीर्षकच म्हणते.

काम मेहनतीचे आहे. एवढ्या रुग्णांची दुहेरी अंध चाचणी आपल्याकडे सहसा होत नाही. तरीही शीर्षक मला थोडे घाईचे वाटते. चारांत प्लासिबोचा गट नव्हता. अमेरिकेत २००६ साली ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांची १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली, तिच्यात प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ६० टक्के सुधारले. सेलेकॉक्सिबचे ७० टक्के. ग्लुकोसामाइन एकूणात प्लासिबोच्या पुढे गेलेच नाही. जिथे रिकाम्या गोळीनेच इतके जण सुधारतात, तिथे चार गट सारखे आले याचे दोन अर्थ निघतात. चारही औषधे चांगली, किंवा चौघांतही मोठा वाटा नैसर्गिक उताराचा. याच प्रकल्पातल्या आधीच्या, २४५ रुग्णांच्या चाचणीत प्लासिबोचा गट ठेवला होता. मोठीतही तो असता तर बरे झाले असते. दुखणाऱ्या माणसाला सहा महिने रिकामी गोळी द्यायची का, हा प्रश्न सोपा नाही हे मान्य. पण गरजेपुरते पॅरासिटामॉल घ्यायची मुभा ठेवून त्यातून वाट काढता येते.

त्याच निबंधातली एक ओळ शीर्षकापेक्षा अधिक वाचली जायला हवी होती. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात रुग्णांत यकृताच्या बिघाडाची खूण असलेले एसजीपीटी हे विकर वाढले. त्यांना त्रास काही नव्हता, औषध थांबवताच ते पूर्ववत झाले. मोजले म्हणून कळले. पुढे कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली : रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासले कुठे? हरकत रास्तच होती. २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. पण ‘वेल तीच का?’ हा प्रश्न फक्त अपायाच्या वेळीच का विचारायचा? गुणाचा दावा करणाऱ्या किती निबंधांत वनस्पतीचा वाळवलेला नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहात क्रमांकासह ठेवलेला असतो? शाळेत हे काम उत्तम होऊ शकते. डहाळी, फूल, फळ दाबून वाळवायचे, कुठे आणि कधी मिळाले ते लिहायचे. मुळशीच्या ओढ्याकाठी निर्गुडी मुबलक आहे.

‘वनस्पती आहे, अपाय काय करणार?’ या वाक्याला आणखीही एक उत्तर आहे. पुडीत वनस्पतीच असेल कशावरून? सांधेदुखीच्या ‘हर्बल’ चूर्णांत न सांगता स्टेरॉइड घातल्याचे प्रकार आपल्याकडे डॉक्टरांना नवे नाहीत. २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने ‘आर्ट्री किंग’ नावाच्या अशाच गोळ्यांत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन सापडल्याचा इशारा दिला. गुण पहिल्या दिवशीच यावा यात मग नवल नाही.

पुन्हा त्या मुलींकडे. मी विचारले, “आजीला बरं वाटतं ते पाल्यानं की शेकानं?” शेकाने दुखऱ्या सांध्याला बरे वाटते हे कोणालाही ठाऊक आहे. गटातली सर्वांत गप्प मुलगी म्हणाली, “मग सर, दुसरं कसलं तरी पान गरम करून बांधून बघायला हवं. वडाचं.” दिवसभरात मी ऐकलेले हे सर्वांत शास्त्रीय वाक्य. अंड्याच्या प्रयोगाला मी गुण कमी दिले होते, ते या वाक्याला दिले. गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता. ‘मांडणी’ला होता, ‘समाजोपयोग’लाही होता.

बाईंनी अडचण लगेच काढली. “पण सर, निगडीला वास असतो. आजी डोळे मिटूनही सांगतील कुठलं पान ते.” अडचण खरी आहे. पुण्या-नागपूरच्या चाचण्यांत कॅप्सूल होती म्हणून निभावले. उग्र वासाच्या पाल्याला जोड शोधणे कठीण. खोलीत दोन्ही वेळा निर्गुडीची डहाळी ठेवली तर? किंवा दोन्ही वेळा निर्गुडीच, पण एकदा गरम आणि एकदा गार? त्याने शेकाचा वाटा कळेल, पाल्याचा नाही. आम्ही बराच वेळ बोलत राहिलो, तेवढ्यात बक्षीस समारंभाची घंटा झाली.

महिन्याभराने बाईंचे पत्र आले. अंड्याचा प्रयोग मुलींनी पाच नळ्यांत पुन्हा केला : पाणी, निर्गुडीचा काढा, आंब्याच्या पानांचा काढा, कोरा चहा आणि साखरेचे दाट पाणी. नळ्यांवर फक्त आकडे होते आणि गढूळपणाचा क्रम दुसऱ्या वर्गातल्या मुलांनी लावला. साखरेचे पाणी सर्वांत निवळ राहिले. चहाची नळी तापवण्याआधीच गढूळली, ती का, असे मुली विचारत होत्या. चहातल्या टॅनिनांनी प्रथिने साकळतात, असे मी कळवले. तक्त्यावरचा ‘शास्त्रीय सिद्धता’ हा शब्द त्यांनी खोडला आहे. त्या जागी काय लिहावे यावर अजून एकमत नाही, असे बाईंनी लिहिले होते. आजी निगडीच बांधतात.